युकुंदाचा किल्लीदार

सान मातेओ युकुंदा हे एलादियोचं स्वतःचं गाव. तिथे जायला त्याची कधीच ना नव्हती. फक्त गावसभेच्या दिवशी तो तिकडे फिरकत नसे. सभा दरवर्षी नोव्हेंबरात, पितरांचे दिवस उरकले की येणाऱ्या रविवारी भरायची. आज ऑक्टोबरातला गुरुवार होता. म्हणूनच त्याने आपल्या पर्यटकांच्या बसच्या कार्यक्रमात युकुंदा आजच्या दिवशी घातलं होतं.

बसमध्ये उरुग्वे आणि अर्जेंटिनाहून आलेली मंडळी होती, बहुतेक सगळी निवृत्त. मोठमोठे पिरॅमिड आणि समुद्रकिनारे त्यांनी तरुणपणीच पाहून टाकले होते. या खेपेला त्यांना गर्दी नसलेली जुनी गावं पाहायची होती. यान्हुइत्लानचा मठ झाला, तेपोस्कोलुलाची उघडी कमान झाली, आणि आता ओआहाका प्रांताच्या या डोंगरातलं शेवटचं ठिकाण राहिलं होतं: युकुंदाचं चर्च आणि त्याचं रंगवलेलं लाकडी छत. वाद्यं वाजवणारे देवदूत त्या छतावर आहेत, पुस्तकात कुठे सापडणार नाहीत, असं एलादियोनेच कंपनीला रंगवून सांगितलं होतं.

गावात जायचं आणि सभा टाळायची, याला कारण होतं. युकुंदात दरवर्षी माणसं नेमतात. कोणी कोतवाल, कोणी पाण्याच्या चरांवर, कोणी चर्चचा किल्लीदार. पगार नाही. वर्षभर गाव सोडायचं नाही. किल्लीदाराने सकाळ-संध्याकाळ घंटा वाजवायची, झाडलोट करायची, चोरांच्या भीतीने दाराशीच झोपायचं. सभेत नाव निघालं की पंच काठी, झेंडूची माळ आणि मेस्कालची बाटली घेऊन त्या माणसाकडे जातात. घायपाताची ती दारू त्याने प्याली, की सेवा पत्करली. त्याने नाही, तर त्याच्या घरच्याने घ्यावी, नाहीतर जो कोणी त्याच्यासोबत गावात आला असेल त्याने; सेवा मात्र नाव निघालेल्याच्याच अंगावर येते. पिणारा कोणी सापडलाच नाही तर नाव पुढच्या वर्षावर जातं.

एलादियोचं नाव असं किती वर्षं पुढे ढकललं जात होतं, ते त्याने मोजायचं सोडून दिलं होतं. त्याचे वडील तिमोतेओ पंचांसमोर उभे राहायचे, पेल्याला हात लावायचे नाहीत आणि म्हणायचे, "पोरगा पुढच्या वर्षी येतोय."

या वर्षी तर सेवा अंगावर येणं त्याला मुळीच परवडणार नव्हतं. जानेवारीपासून कंपनी त्याला लांबचा दौरा देणार होती: ओआहाकातून चियापास, तिथून ग्वातेमाला आणि थेट होंडुरासमधल्या जुन्या अवशेषांपर्यंत. त्या वाटेवरची गावं तो पुस्तकांतून वाचत आला होता. बायको गेल्यापासून दुसरं काही त्याने मागितलं नव्हतं. वर्षभर गावात अडकला असता, तर तो दौरा दुसऱ्या कोणाच्या हाती गेला असता आणि पुन्हा मिळालाच नसता.

शेवटचं वळण घेतलं आणि चालक बेतोने वेग कमी केला.

"दादा, गावात लग्न आहे वाटतं."

एलादियोने समोर पाहिलं. चौकात माणसं दाटली होती. पुरुष टोप्या मांडीवर घेऊन बाकांवर, बाया चटयांवर, आणि चावडीच्या ओट्यावर कर्णा लावलेला.

"लग्न नाही. गाडी मागे घे."

"मागे कुठे घेऊ? मागे मक्याची गाडी येऊन उभी राहिली. आणि तुझी मंडळी उतरली बघ."

खरंच उतरली होती. बसचं दार बेतोने सवयीने उघडलं होतं आणि सगळ्यांत पुढे नेलिदाबाई होत्या. माँतेव्हिदेओच्या शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात येर्बाच्या पाल्याच्या कडू चहाचं भोपळ्याचं भांडं आणि त्यात धातूची नळी, याशिवाय बाई कुठेही दिसत नसत.

"एलादियो, कसली सभा आहे ही?" त्यांनी खालूनच विचारलं.

"गावचं काम आहे, बाई. आपल्याशी संबंध नाही. तुम्ही बसच्या सावलीत थांबा, मी चर्चची किल्ली कोणाकडे आहे ते बघून येतो."

किल्ली कोणाकडे आहे ते त्याला ठाऊक होतं. हसिंता विणकरणीकडे, यंदाची किल्लीदार तीच, आणि ती समोर पहिल्याच चटईवर बसली होती. एलादियो तिच्याकडे गेला नाही. तो बसच्या मागून निघाला, भिंतीला लागून चालत चर्चच्या मागे गेला आणि निवडुंगाच्या कुंपणाआड एका दगडावर बसला. ओट्यावरून सरपंच अबुंदियोंचा आवाज कर्ण्यातून येत होता. आपलं नाव झालं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. झालं असेल तर पंच वडिलांच्या घरी जातील, वडील नेहमीचं सांगतील, ते परत येतील. मग आपण हळूच जायचं, छत दाखवायचं आणि निघायचं. असा हिशेब करून तो बसून राहिला. पन्नाशी उलटलेला माणूस, गळ्यात कंपनीची ओळखपट्टी, आणि कुंपणाआड दडलेला. समोरून एक टर्की आली, तिने त्याच्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि ती निघून गेली.

थोड्या वेळाने चौकातून टाळ्या ऐकू आल्या. नाव कोणाचं तरी पक्कं झालं, असं म्हणून त्याने सुस्कारा सोडला आणि पँट झटकून परत आला.

बसजवळ नेलिदाबाईंच्या गळ्यात झेंडूची माळ होती. बसच्या आरशाला दुसरी. अर्जेंटिनातले औषधदुकानदार ओस्वाल्दो लालबुंद चेहऱ्याने पायरीवर बसले होते. रिकामी बाटली सरपंच अबुंदियोंच्या हातात होती आणि त्यांच्या मागे चांदीच्या मुठीच्या काठ्या घेतलेले पंच.

"ये, किल्लीदार, ये," अबुंदियो म्हणाले. "तुझी माणसं प्यायला पक्की आहेत. आमच्या वाट्याला काही ठेवलंच नाही."

एलादियोने नेलिदाबाईंकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही घेतलीत?"

"म्हणजे काय? या सभ्य माणसांनी पुढे केली. आमच्याकडे येर्बाचं भांडं पुढे आलं की घ्यायचं, पूर्ण प्यायचं आणि रिकामं परत द्यायचं. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. मी पेला परत दिला, त्यांनी पुन्हा भरला. मी ओस्वाल्दोला दिला. तोही रिकामा. मग फिरलाच पेला."

"नको असेल तर काय करता तुम्ही?"

"तर आभार म्हणायचं. आभार म्हटलं की पुरे झालं असा अर्थ. पण मला पुरे झालं नव्हतं," नेलिदाबाई म्हणाल्या. "बरी होती दारू. का? काय झालं?"

एलादियोने काय झालं ते सांगितलं. सांगताना त्याच्या लक्षात आलं की बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला आहे, आणि चौकातली माणसं मात्र हसू दाबत आहेत. हसिंताने तर कमरेची किल्ली सोडून हातात धरली होती. तिला ती द्यायची घाई झाली होती.

"अबुंदियोकाका, ही परदेशी माणसं. यांना काय माहीत?"

"त्यांना माहीत नसेल. तुला होतं ना? मग तू का नव्हतास इथे?"

"किल्ली बघायला गेलो होतो."

"निवडुंगात?" मागून कोणीतरी म्हणालं आणि चौक खदखदून हसला.

"सभा नोव्हेंबरात असते," एलादियो म्हणाला. आपलं म्हणणं पोरकट वाटतंय हे त्याला बोलतानाच कळलं.

"माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. शहरातल्या डॉक्टरने तारीख दिली, म्हणून सभा अलीकडे घेतली. गावभर सांगून झालं." अबुंदियो जरा थांबले. "तुझ्या घरीही सांगितलं होतं."

एलादियोने बाकांकडे नजर टाकली. तिमोतेओ तिसऱ्या बाकावर बसले होते. गावची सगळी पदं करून झालेल्या म्हाताऱ्यांचा तो बाक. टोपी मांडीवर, नजर टोपीवर. एलादियो त्यांच्याजवळ जाऊन खाली टेकला.

"बाबा, मी गुरुवारी येतोय हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं."

"सांगितलंस."

"मग सभा आजच आहे हे नाही सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"दरवर्षी मीच का सांगायचं तुला, पळ म्हणून?" म्हातारा रागावला नव्हता. गुडघ्यावरची धूळ झटकत तो बोलत होता. "पुढच्या वर्षी येतो, पुढच्या वर्षी येतो. माझं तोंड दुखायला लागलं रे. लोक आता हसतातही नाहीत. नुसते मान हलवतात."

"जानेवारीत मला लांबचा दौरा आहे. तुम्हाला सांगितला होता."

"आहे ना लक्षात. होंडुरास." त्यांनी तो शब्द जपून उच्चारला. "मी तुला कर म्हणत नाही आणि करू नको म्हणत नाही. तुझं तू बोल. एवढंच मला पाहिजे."

ओट्यावरून अबुंदियोंनी हाक मारली. पेला पिऊन झाला होता, पण परत करायची एक वाट गावात होती, आणि ती सरपंचाने सगळ्यांसमोर सांगितली. परत करणाऱ्याने चर्चमध्ये संत मातेओच्या मूर्तीसमोर मेस्कालचा भरलेला पेला ठेवायचा आणि आपण सेवा का करत नाही, ते मोठ्याने सांगायचं. घरच्या एका माणसाने शेजारी उभं राहून म्हणायचं, की हे खरं आहे. आजारपण असेल, तर गाव वर्षभर सूट देतं आणि नाव तसंच राहतं. दुसरं काही कारण असेल, तर नाव उतरतं. नाव उतरलेल्याला सभेत आवाज नाही, गावात घरासाठी जागा नाही, आणि कबरस्तानातही नाही.

"आता आजारपण कोणाला नसतं," अबुंदियो आभाळाकडे बघत म्हणाले. "या वयात गुडघा तरी असतोच."

म्हणजे वाट दाखवून दिली होती. गेल्या काही वर्षांत तिघा-चौघांनी गुडघे पुढे केले होते आणि पुढच्या जत्रेत तेच गुडघे पहाटेपर्यंत नाचले होते. गावाने काही म्हटलं नव्हतं.

ओस्वाल्दो पायरीवरून उठून आले. दारू उतरली नव्हती, पण डोकं चालत होतं.

"हे बघ एलादियो, मी चाळीस वर्षं औषधं विकली. तुझं हृदय बरं नाही. मी शपथेवर सांगतो. रोज संध्याकाळी तुला गोळी घेताना पाहिलंय मी."

"ती पोटाची गोळी आहे, ओस्वाल्दोभाऊ."

"त्यांना काय कळतंय?"

"ओस्वाल्दो," नेलिदाबाई म्हणाल्या, "आज तू आणि मी पुरेसं करून ठेवलंय. तू खाली बस."

पण एलादियोने तो विचार मनातून घालवला नाही. उलट तो त्याला धरून चर्चकडे चालू लागला. एक वाक्य बोलायचं. गुडघा किंवा हृदय, जे सोपं असेल ते. दौराही राहील आणि गावही राहील. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. हेच तर आजवर चाललं होतं.

हसिंताने दार उघडलं. गाव आत शिरलं आणि गावासोबत मंडळीही. छताखाली आल्याबरोबर परदेशी माणसांच्या माना वर झाल्या. वर देवदूत होते, लाल-निळ्या झग्यांतले. कोणी सारंगी धरलेला, कोणी ढोल, आणि एकाचे डोळे तिरळे. ज्यासाठी ती इतक्या लांब आली होती, ते समोर होतं. पण थोड्याच वेळात एकेकाची मान खाली आली. काय चाललंय ते सगळे बघू लागले.

अबुंदियोंनी पेला भरून एलादियोच्या हाती दिला. त्याने तो संताच्या पायाशी ठेवला. शेजारी तिमोतेओ येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढली होती. डोक्यावरचे पातळ केस कपाळाला चिकटले होते. एलादियोला त्यांच्या अंगचा धुराचा वास आला, चुलीच्या लाकडांचा.

"बोल," अबुंदियो म्हणाले.

एलादियोने तोंड उघडलं. माझा गुडघा, एवढं म्हणायचं होतं. बाजूला तिमोतेओंनी छातीवर क्रूसाची खूण करायला हात उचलला. मुलगा जे सांगेल त्याला हो म्हणायची त्यांची तयारी होती. चावडीसमोर, घराच्या दारात, बाजारात ते जसं म्हणत आले, तसंच आता इथे म्हणणार होते. ते संताकडे पाहत नव्हते.

"मला करायची नाही," एलादियो म्हणाला.

आवाज बारीकच निघाला. मागच्या बायांनी 'काय म्हणाला?' असं एकमेकींना विचारलं.

"मला सेवा करायची नाही," तो मोठ्याने म्हणाला. "माझा गुडघा बरा आहे. मी धडधाकट आहे. मला दौऱ्यावर जायचंय. लोकांना घेऊन गावोगाव फिरणं मला आवडतं. वर्षभर इथे दाराशी झोपणं मला जमणार नाही. या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. बाबांनी दरवर्षी तुम्हाला जे सांगितलं, ते माझ्यासाठी सांगितलं. त्यात त्यांचं काही नाही."

बाहेर बेतोने बस सावलीत घेतली, त्याचा आवाज आला. नेलिदाबाई खाली बघत गळ्यातली माळ काढू लागल्या. काढावी की ठेवावी, ते त्यांना ठरवता येईना.

"घरच्याने सांगायचं," अबुंदियो म्हणाले. त्यांना हे असं नको होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. "तिमोतेओ, खरं आहे हे?"

"खरं आहे," तिमोतेओ म्हणाले. लगेच म्हणाले आणि स्पष्ट म्हणाले. मग टोपी परत डोक्यावर घालायला लागले आणि आपण चर्चमध्ये आहोत हे आठवून त्यांनी ती खाली घेतली.

अबुंदियोंनी पेला उचलला आणि दारात जाऊन जमिनीवर ओतून टाकला. परत आल्यावर ते एलादियोशी बोलले, ते बाहेरच्या माणसाशी बोलतात तसं.

"पाहुणे, तुमच्या लोकांना छत बघायचं असेल तर बघा. हसिंता थांबेल. पण इथलं सांगायचं असेल, तर गावचा माणूस सांगेल. बाहेरच्याला इथे उभं राहून बोलता येत नाही. हे तुम्हाला माहीत आहे."

"आभारी आहे," एलादियो म्हणाला.

गाव परत चौकाकडे निघालं. सभा संपली नव्हती, किल्लीदार अजून नेमायचा होता. पंच काठ्या घेऊन गेले, बाया चटयांकडे गेल्या. मंडळी छताखाली तशीच उभी राहिली आणि कोणाला काय विचारावं ते कळेना. तेव्हा तिमोतेओ मागे वळले.

"बघा बायांनो, भावांनो," ते म्हणाले. "हे वर जे देवदूत आहेत ना, ते सगळे आमच्या गावचे आहेत. चितारी आला, त्याने गावातलीच तोंडं रंगवली. तो तिरळा दिसतोय? तो आमच्या सरपंचाचा पूर्वज. आजही त्यांच्या घरात डोळ्यांचीच कटकट आहे."

नेलिदाबाई हसल्या. बऱ्याच वेळाने कोणीतरी हसलं होतं.

"आणि हा लाल रंग बघा, अजून फिका पडला नाही. बैलाचं रक्त आहे ते. बैलाचं रक्त आणि मध."

बैलाचं रक्त नव्हतं. निवडुंगावरच्या किड्यांपासून काढलेला रंग होता तो, आणि एलादियोने ते याच मंडळीला तेपोस्कोलुलाच्या वाटेवर सविस्तर सांगितलं होतं. ओस्वाल्दोंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. एलादियो मान वर करून लाल झगा बघत राहिला. तो मंडळीच्या मागे, शेवटच्या खांबाशी उभा होता. तिमोतेओ ढोलवाल्या देवदूताबद्दल सांगत होते, चितारी शिडीवरून कसा पडला ते सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज भरत चालला होता. इतकं लांब बोलताना एलादियोने त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

बाहेर कर्ण्यातून नाव आलं. कोण्या सेफेरिनो लोहाराचं. टाळ्या झाल्या. हसिंताने लगबगीने मंडळीला बाहेर काढलं आणि दाराला कुलूप घातलं.

बसपाशी नेलिदाबाईंनी एलादियोचा हात धरला.

"मी तुझं फार मोठं नुकसान केलं."

"बाई, पेला तुम्ही घेतलात," एलादियो म्हणाला, "बोललो मी. चढा आता, उतरणीचा रस्ता आहे, उजेडात उतरलेलं बरं."

तिमोतेओ बसपर्यंत आले नाहीत. सभा चालू होती आणि त्यांना बाकावर जायचं होतं. चौकाच्या कडेला ते थांबले आणि एलादियोच त्यांच्याकडे गेला.

"बाबा, रागावलात?"

"रागावलो असतो तर आत हो म्हटलं नसतं." त्यांनी मुलाच्या गळ्यातली ओळखपट्टी सरळ केली. "परत कधी?"

"मार्चच्या खेपेला. होंडुरासला जाताना एक मुक्काम इकडे पडतो. मंडळी असेल सोबत."

"ये," तिमोतेओ म्हणाले. "पण आधी कळव. चर्चची किल्ली तुला आता कोणी देणार नाही. मला सेफेरिनोकडून मागून ठेवावी लागेल."